‘या’ म्हणायचा अधिकार

पाणकरकाका रोज दुपारी तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहून पलीकडच्या जंगलातली माणसं मोजायचे. तिथे माणसं नसायची. ऐनाची आणि मोहाची झाडं असायची, आणि त्यांच्यामागे नागझिऱ्याकडे चढत गेलेलं रान. पण काका डोळ्यांवर आडवा हात धरून, ओठ हलवत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश मोजत जायचे. मोजून झालं की आम्हा पोरांना आकडा सांगायचे. मी दुसरीत होते तेव्हा अकरा होते. चौथीत गेले तोवर नऊ झाले. कमी का झाले असं विचारलं, तर तितक्याच शांतपणे म्हणायचे, “मेले. वाट पाहून पाहून मेले.”

साकोलीहून आत, रानाच्या कडेला आमचं गाव. गावाला एक जुनं, मोठं तळं आणि त्याच्या भरवशावर सगळ्यांचं धान. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, कधी पाणी द्यायचं, किती द्यायचं, हे सांभाळणारा माणूस म्हणजे पाणकर. पाळीतलं पाणी सोडायचं दार, ज्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात, ते त्याच्याशिवाय कोणी उघडायचं नाही. काका वीस-पंचवीस वर्षं पाणकर होते. उंच, खांद्यात वाकलेले, आवाज इतका हळू की ऐकायला जवळ जावं लागायचं. पाण्यावरून भांडणं होणाऱ्या गावात त्यांच्यावर कधी कोणी बोट ठेवलं नाही. त्यांची एक सवय मात्र सगळ्यांना माहीत होती. ते तळ्याकडे पाठ करून कधीही बसत नसत. कोणाच्या अंगणात खाट टाकून दिली, तरी आधी खाट फिरवून घ्यायचे.

शाळा सुटली की आम्ही पाच-सहा जण पाळीवर जायचो, ते त्यांच्या गोष्टीसाठी. गोष्ट एकच होती, पण ती कधी संपली नाही. “हे तळं नवतं तवा इथं त्यायचं गाव होतं,” अशी ती सुरू व्हायची. त्यायचं म्हणजे रानगंधरांचं. हे रानगंधर म्हणे वेळूसारखे उंच, अंगाला मोहाच्या कोवळ्या पानाची तांबूस झाक, कानांची टोकं पिंपळपानासारखी निमुळती. चिखलातून चालले तरी पाऊल उमटत नसे. ते गायले की धान पोटरीवर यायचं. माणसं आणि रानगंधर एकाच पाण्यावर राहायचे. मग त्यांच्या हातून एक पाप घडलं आणि रानमायेनं, म्हणजे रानाच्या आईनं, त्यांना शिवेबाहेर काढलं. ज्या दिवशी तळ्याचं पाणी पहिल्यांदा सुटतं, त्या दिवशी ते दरवर्षी पलीकडच्या काठाला येतात आणि विचारतात, “येऊ का?” अलीकडून कोणी “या” म्हटलं, तर त्यांची शिक्षा सरेल. आजवर कोणी म्हटलेलं नाही.

पाप कोणतं, हे मात्र दर वेळी बदलायचं. एकदा त्यांनी पवित्र झाड तोडलेलं असायचं. एकदा पाण्यात विष कालवलेलं असायचं. एकदा पाहुण्याला दिलेला शब्द मोडलेला असायचा. मी नाक खुपसणारी मुलगी. मी म्हटलं, “काका, मागच्या खेपेला तुम्ही दुसरंच सांगितलं होतं.” काकांनी एक खडा पाण्यात टाकला. मग म्हणाले, “पाप कोन्तं हे महत्त्वाचं नाई बाई. काढून देलं, हे महत्त्वाचं.”

माफीचे नियम मात्र कधी बदलले नाहीत. पहिला नियम असा की, ज्याचं नुकसान झालं त्यानंच “या” म्हणायचं; दुसऱ्या कोणी म्हटलेलं चालत नाही. दुसरा नियम ऐकताना आम्ही एकमेकांना चिकटून बसायचो. रानगंधर वनवासात मेला, तर त्याची शिक्षा त्याच्याबरोबर मरत नाही. ती पाण्यावरून चालत अलीकडे येते आणि ज्यानं माफी अडवून धरली, त्याच्या घरात शिरते. “मंग काय करते?” आमच्यातला कोणी तरी विचारायचा. काका म्हणायचे, “काई नाई करत. बसून राह्यते. तुमी जेवता, ते पायते. तुमी झोपता, ते पायते.”

“मग तुम्हीच म्हणा ना ‘या’,” असं मी एकदा म्हटलं.

“मले अधिकार नाई,” ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी नंतरही पुष्कळदा ऐकलं. गावात कोणाचा वाद मिटवायला बोलावलं, कोणाच्या बारशाला नाव ठेवायला सांगितलं, तरी हेच. लोकांना तो त्यांचा साधेपणा वाटायचा.

चौथीच्या वर्षी पाणी पहिल्यांदा सोडायच्या दिवशी मी तो पराक्रम केला. ऊन चांगलं तापलं होतं. काका तुडुमाकडे होते. मी पाळीवर सगळ्यात उंच जागी चढले, तोंडाभोवती हात धरले आणि पलीकडे बघून जोरात ओरडले, “या!”

पलीकडच्या झाडीतून एक माणूस उठून उभा राहिला.

उंच, काटकुळा, खांद्याला झोळी. मी ओरडले तसा तो झाडाच्या बुंध्याशी उभा राहिला आणि आमच्याकडे बघत राहिला. हलला नाही. माझ्या बरोबरची पोरं पळाली. मला पळता येईना. तेवढ्यात मागून काका आले, त्यांनी माझं तोंड हातानं दाबलं आणि मला खाली ओढलं. त्यांचा तळहात गार होता. “कोनाले बलावलं तुनं? पायलं नाई, पुसलं नाई, अन् बलावलं?” ते मला विचारत होते, पण बघत होते पलीकडे. तो माणूस आणि काका, दोघं कितीतरी वेळ एकमेकांकडे बघत राहिले. मग पोरांनी आणलेली मोठी माणसं काठ्या घेऊन पाळीवरून धावत गेली. तो माणूस पाठ फिरवून रानात शिरला. धावला नाही, चालत गेला.

तो रानगंधर नव्हता. तो सुकराम होता, काकांचा धाकटा भाऊ. हे मला त्या दिवशी आईनं सांगितलं, माझ्या पाठीत एक धपाटा घालून झाल्यावर.

काकांना एक मुलगा होता, चेतन. मी रांगत होते तेव्हा तो सात वर्षांचा होता. तुडुमातून निघालेला नहर गावच्या रस्त्याखाली एका मोरीतून जातो. नहर कोरडा असला की मोरीतल्या डबक्यात मासोळ्या सापडतात, म्हणून पोरं आत शिरायची. त्या दिवशी चेतन आत होता आणि वरून पाणी सुटलं. त्याच सकाळी पाणी आधी कोणाला यावरून दोघा भावांचं भांडण झालेलं अर्ध्या गावानं ऐकलं होतं. “तू नाई देत तं मी उघडतो,” असं सुकराम सगळ्यांसमोर म्हणाला होता. पोराला बाहेर काढलं तेव्हा कोणी तरी म्हणालं, सुकरामनं उघडलं. सुकराम हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. गावानं बैठक घेऊन त्याला काढून दिलं. त्याचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. नेसत्या कपड्यांनिशी तो गेला आणि पुन्हा या शिवेत पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं.

त्यानंतर काकांना एक सवय लागली. पाणी सोडण्याआधी तुडुमापासून मोरीपर्यंत ते नहरातून पायी चालत जायचे. मोरीपाशी ओणवं होऊन आत हाक मारायचे, “कोनी आहे का?” थांबायचे. पुन्हा हाक मारायचे. मोरीतून त्यांचाच आवाज परत यायचा. तिसऱ्यांदा हाक मारून मगच मागे फिरायचे. शेतकरी पाण्यासाठी खोळंबलेले असायचे, पण घाई करा असं त्यांना कोणी म्हणत नसे. काकूंची सवय वेगळी होती. त्या रोज सकाळी अंगण झाडताना दिराला शिव्या घालायच्या. मोठ्यानं नाही, पूजा करताना पुटपुटावं तशा. झाडणं संपलं की शिव्या संपायच्या. काका त्या वेळी ओट्यावर चहा पीत बसलेले असायचे. ते कधी हो म्हणाले नाहीत आणि कधी पुरे म्हणाले नाहीत.

पुढे मी नर्स झाले आणि फिरत फिरत बपेऱ्याकडच्या गावांत नेमणूक मिळाली. मध्य प्रदेशची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. घरोघर फिरून खोकल्याचे रोगी शोधायचं काम चाललं होतं. भातगिरणीच्या मागच्या एका खोलीत एक म्हातारा भेटला. म्हातारा म्हणायचं एवढंच. वय पन्नाशीचं असेल. छातीची हाडं मोजून घ्यावीत अशी. तपासणीत क्षय निघाला. औषध घरपोच देऊनही तो घेत नव्हता. तिसऱ्या खेपेला मी रागावले, तेव्हा माझ्या बोलण्यावरून त्यानं माझं गाव ओळखलं.

“कोनाची तू?”

मी वडलांचं नाव सांगितलं. त्यानं कोपरावर रेलून विचारलं, “पाळीवर उभी राहून ओरडली होती, ते तूच का?”

मी खाली बसले. नऊ वर्षांची असताना पाहिलेला तो उंच माणूस माझ्यासमोर खाटेवर होता.

“गोळ्या का घेत नाही?” मी विचारलं.

“कोनासाठी घेऊ?” तो म्हणाला. मग म्हणाला, “तळ्यात पानी किती आहे औंदा? वहिनीची तब्येत कशी आहे?” भावाचं त्यानं काहीच विचारलं नाही.

पौषात मी सुट्टीवर घरी आले. उन्हाळी धानासाठी पाणी वाटपाची बैठक दुसऱ्या दिवशी होती. काका पाळीवर एकटेच होते. पोरं आता गोष्टीला येत नसत. त्यांच्या हातात मोबाईल आले होते. मी सांगितलं की सुकराम बपेऱ्याला आहे, आजारी आहे, औषध नियमानं घेतलं तर बरा होईल, पण घेत नाही.

“नाई घेतलं तं?”

“पावसाळा काढणार नाही.”

काकांनी पलीकडे पाहिलं. या वेळी हात डोळ्यांवर धरला नाही. “एकच उरला होता,” ते म्हणाले. मला वाटलं, हे आता खाली पडतील. मी हात धरायला गेले, तर त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला आणि घराकडे चालू लागले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना तळ्याकडे पाठ करून चालताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात बैठक भरली. पन्नासेक शेतकरी, एका बाजूला बायका, त्यांत काकूही. सगळे पाळ्या ठरवून घेण्याच्या घाईत. काका उभे राहिले. लोकांना वाटलं, तळ्यातलं पाणी किती ते सांगतील.

“चेतनच्या दिवशी तुडुम मीनं उघडलं होतं,” ते म्हणाले.

त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. मागच्यांना ऐकू गेलं नाही. पुढच्या एकानं मागे वळून सांगितलं, मग त्यानं त्याच्या मागच्याला. ते वाक्य व्हरांड्यातून असं मागे मागे सरकत जाताना मी पाहिलं आणि ज्याच्यापर्यंत ते पोचत होतं, तो गप्प होत होता.

काका सांगत राहिले. सुकरामशी भांडण झालं, तो रागानं निघून गेला. याच गोष्टीवरून पुन्हा भांडण नको म्हणून त्याच्या बांधीला आताच पाणी देऊन टाकू असं काकांच्या मनात आलं. नहर पाहून यायचा त्यांनी कंटाळा केला. तुडुमाचं चाक फिरवलं. “मंग कोनी तरी त्याचं नाव घेतलं. त्यानं माह्याकडे पायलं. मी खाली पायलं. येवढंच झालं.”

“बावीस वर्षं झाली, आता काहून सांगून राहिला बा?” पाटलांच्या घरातला एक म्हातारा म्हणाला. रागावून नाही, त्याला खरंच कळत नव्हतं.

“तो मरून राहिला,” काका म्हणाले. “तो मेला तं मले कोनी पुसनारा नाई उरत. मले त्याचं भेव वाटते.”

कोणी शिवी दिली नाही, कोणी उठलं नाही. सगळ्यांच्या माना हळूहळू बायकांच्या बाजूला वळल्या. काकू पदर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पदराची एक सुरकुती बोटानं सरळ केली, उठल्या आणि कोणाकडेही न बघता घरी गेल्या. बैठक तशीच मोडली. मला भीती वाटत होती ती काकूंची. माझी आई दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आली. दार उघडं होतं, काकू तांदूळ निवडत होत्या आणि काका ओट्यावर बसलेले होते.

सकाळी मी बपेऱ्याला परत निघाले, तर काकू साकोलीच्या बसमध्ये आधीच बसलेल्या होत्या. “मले त्याची खोली दाखव,” एवढंच म्हणाल्या. तुमसरला गाडी बदलली, पुढे बपेऱ्याला उतरलो. रस्ताभर मला वाटत होतं की आपण काहीतरी भलतंच घडवून आणतो आहोत.

सुकरामनं त्यांना दारात पाहिलं आणि खाटेवरून उठायचा प्रयत्न केला.

“भाऊनं धाडलं का?”

“नाई. मी आली.” काकू दारातच उभ्या होत्या. “तुमी काहून नाई सांगितलं, भाऊजी?”

तो खोकला, तोंड पुसलं. “तुमच्या पोटचं गेलं होतं. वरून भाऊचं नाव निघालं असतं तं तुमी त्या घरात कोनाकडे पाहून जगल्या असत्या?”

काकूंनी चौकट धरली. “मी तुमाले रोज शिव्या देल्या. एक दिवस नाई चुकला.”

“मले मालूम होतं,” सुकराम म्हणाला. “कोनाले तरी द्या लागतच होत्या.”

मग काकू आत गेल्या. त्यांनी खुंटीवरचे दोन सदरे घडी करून झोळीत भरले, माझ्याकडून गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं आणि त्याचा दंड धरून त्याला उठवलं. “या,” त्या म्हणाल्या. “घरी चला.”

गावात त्याला कोणी अडवलं नाही. ज्यांनी काठ्या घेतल्या होत्या, त्यांतले काही जण रस्त्याच्या कडेला उभे होते. एकानं घरातून प्लास्टिकची खुर्ची आणून त्याला बसायला दिली आणि तो खुर्ची ठेवून लगेच आत गेला. सुकरामनं औषधाचे सगळे महिने पुरे केले. बरा झाला. माफीबद्दल मी त्याला एकदा विचारलं, तेव्हा म्हणाला, “माह्याकडून तं भाऊले कवाचीच आहे. पन माही माफी कोन्या कामाची? पोरगं वहिनीचं होतं.”

पाणकरकाका मात्र सुकराम परत आला त्याच दिवशी गावाबाहेर पडले होते, तो शिवेच्या आत यायच्या आधी. कोणी काढलं नाही त्यांना. तुडुमाच्या चाकाची किल्ली त्यांनी शाळेच्या खिडकीत ठेवली आणि दोन दिवसांनी बपेऱ्याला माझ्या दारात उभे राहिले. “त्याची खोली रिकामी झाली ना?” त्यांनी विचारलं. त्याच खोलीत, त्याच खाटेवर ते राहू लागले. गिरणीत राखणदाराचं काम मिळालं. मी आठवड्यातून एकदा जायचे. ते गोष्ट सांगत नसत, मोजत नसत. “काकू काय म्हणते?” असं मात्र दर खेपेला विचारायचे. मी खरं तेच सांगायचे की, काही म्हणत नाहीत. “बराबर आहे,” ते म्हणायचे. खोलीला एकच खिडकी होती. तिच्यातून रस्ता दिसायचा, पण ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.

नवं धान निघालं तेव्हा मी घरी जाऊन परत निघाले होते. काकू बसथांब्यावर आल्या. त्यांनी कापडी पिशवी माझ्या हातात दिली. पायलीभर नवे तांदूळ होते.

“त्यायले दे,” त्या म्हणाल्या. “अन् सांग, माफी नोहे. तांदूळ आहेत.”

मी जसंच्या तसं सांगितलं. काकांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली, गाठ सोडली, मूठभर तांदूळ काढून उजेडात पाहिले. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

“बरं झालं,” ते म्हणाले. “माफी असती तं मले वापस धाडा लागली असती.”

त्यांनी चूल पेटवली. तांदूळ तीन पाण्यांनी धुतले आणि भात शिजेपर्यंत आम्ही दोघंही चुलीकडे बघत बसलो. नव्या तांदळाचा वास खोलीभर झाला. ताट एकच होतं. ते त्यांनी माझ्यापुढे ठेवलं, स्वतः झाकणीत वाढून घेतलं आणि मी पहिला घास घेईपर्यंत थांबले. नुसताच भात होता, मीठ घालून. शेवटचं शीतही त्यांनी बोटानं उचललं. त्या दिवशी माझी तुमसरची गाडी चुकली. आमची ती शेवटची भेट.